आधीचा कुत्रा, नंतरचा कुत्रा

प्रवासाहून परतलेल्या माणसाने डोंगर, धरण आणि पिठलं-भाकरी यांचं गोड वर्णन करावं अशी वाचकांची अपेक्षा असते. डोंगर मी पाहिले, धरण पाहिलं, भाकरीही खाल्ली. त्यांचं सांगेनच. पण नगर जिल्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून मी पुण्याला परतलो तो संतापाने धुमसत, आणि कित्येक महिने उलटले तरी तो संताप निवलेला नाही. तेव्हा गोडवा कमी पडला तर सांभाळून घ्यावं.

माझा पुण्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, उशीला टेकवून बसवलेली बाळं, असली कामं. त्या दुष्काळाच्या वर्षी लग्नंही आखडती झाली होती. अशात हिवाळ्याच्या सुरुवातीला सबनीस नावाचे गृहस्थ स्टुडिओत आले. मुंबईच्या एका औषध कंपनीचे विक्री अधिकारी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे नाहीत. आजवर गाईम्हशींची औषधं करणाऱ्या या कंपनीने आता पाळीव कुत्र्यांसाठी ताकदीची पावडर काढली होती. पिवळा डबा, लाल झाकण. दुधात कालवायची किंवा भातावर भुरभुरायची. तिच्या जाहिरातीसाठी दोन फोटो हवे होते. एक पावडर खाण्याआधीच्या कुत्र्याचा, दुसरा खाल्ल्यानंतरच्या कुत्र्याचा. शिवाय भंडारदऱ्याला कंपनी दुकानदारांचा मेळावा भरवणार होती, त्याचेही फोटो काढायचे होते.

"कुत्रा एकच ना?" मी विचारलं.

"दिसला एक पाहिजे," सबनीस म्हणाले.

मी हसलो. आम्ही स्टुडिओवाले सावळ्या नवरीला फोटोत उजळवतो, त्यामुळे असल्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या जीपमधून आम्ही दोघे निघालो. गाडी तेच चालवत होते.

नगर

घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. नदी कसली, वाळू होती. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायामाणसं खडी फोडत बसलेली. एक गाव संपलं की दुसऱ्या गावची माणसं. डोक्यावर पदर, तोंडाला फडकं, हातात हातोडी. शेतांत काहीच नव्हतं, म्हणजे ढेकळंही नव्हती. जमीन भांड्याच्या बुडासारखी काळी आणि टणक दिसत होती. ठोक ठोक असा एकच आवाज मैलोन् मैल आमच्याबरोबर येत राहिला.

सबनीसांनी धुळीसाठी नाकाला रुमाल बांधला आणि त्या रुमालातून मला बाजार समजावून सांगितला.

"पुण्यामुंबईत बंगले वाढताहेत साहेब. बंगला आला की कुत्रा आला. आणि आता लोकांना आपल्या कुत्र्याला उरलंसुरलं घालायची लाज वाटायला लागली आहे. ही लाज म्हणजेच आमचं गिऱ्हाईक. एकदा का कपाटात कुत्र्याचा स्वतंत्र डबा आला, की तो कधी जात नाही. मुलांचा डबा बंद होईल, कुत्र्याचा नाही."

नगरच्या लष्करी छावणीत एका कर्नलसाहेबांच्या विधवा पत्नी राहतात. मराठी बाई, साठीच्या, आवाज खणखणीत. त्यांच्या बंगल्यात प्रिन्स नावाचा तपकिरी रंगाचा कुत्रा होता. हाच आमचा 'नंतरचा' कुत्रा. पाठ पाटासारखी रुंद, मान दिसतच नव्हती. मी हिरवळीवर त्याचे फोटो काढले. तेवढ्यात बाईंनी चहा आणवला आणि सबनीसांनी त्यांना विचारलं, "आमच्या पावडरीने अंग छान धरलंय, नाही?"

"पावडर?" बाई म्हणाल्या. "ती तो हुंगतसुद्धा नाही. याला मटण लागतं आणि सकाळची दोन अंडी. तुमचे फुकट आलेले डबे मी गुलाबांना घालते. गुलाब मात्र बघा!"

गुलाब खरंच बघण्यासारखे होते, मुठीएवढे. मी मोठ्याने हसलो. सबनीसही हसले. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "हे कुठे बोलू नका."

बाहेरच्या जगात प्यायला पाणी नव्हतं आणि त्या हिरवळीवर माळी रबरी नळी धरून उभा होता. ते दृश्य मला खटकलं, पण बाईंचं आदरातिथ्य असं मोकळं होतं की राग धरवला नाही. पुढे याच बाई माझ्या उपयोगी पडणार होत्या, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

पाथर्डी

'आधीचा' कुत्रा शोधायला आम्ही पूर्वेला गेलो. सबनीसांचं म्हणणं, दुष्काळी भागात हडकुळ्या कुत्र्यांना काय तोटा. पण कुत्रा तपकिरीच हवा होता आणि उंचीला प्रिन्सएवढा. गावोगाव कुत्री होती ती पांढरी, काळी, बांडी. सबनीस जीप थांबवून ओरडायचे, "तपकिरी कुत्रा आहे का कुणाकडे?" आणि लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती मी जन्मात विसरणार नाही. पाण्याचा टँकर कधी येणार हे विचारायला आलेल्या माणसांना आम्ही कुत्र्याचा रंग विचारत होतो.

पाथर्डीच्या पुढे एका रस्त्याच्या कामावर तो सापडला. हरण्या त्याचं नाव. लांब तोंडाचा, उंच पायांचा शिकारी जातीचा कुत्रा. भटक्या लोकांच्या तांड्यांबरोबर अशी कुत्री पूर्वी या भागात आली म्हणतात. एका बाभळीला पाच-सहा झोळ्या बांधल्या होत्या, झोळ्यांत बाळं होती, खाली भाकरीची गाठोडी होती आणि त्या सगळ्यांच्या मध्ये हा बसला होता. कामावरच्या बायकांनी आपली पोरं आणि आपलं जेवण त्याच्यावर सोपवलं होतं. एक कावळा गाठोड्याशी उतरला तर त्याने नुसती मान वळवली. कावळा उडाला.

आमच्या पुण्यात कुत्र्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाहीत आणि तान्ह्या बाळाच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत. इथे एका झोळीतून लोंबणारा बाळाचा पाय तो मधूनमधून नाकाने आत सारत होता.

त्याची मालकीण हौसाबाई. तिशीची असेल, उन्हाने रापलेली, बोलायला तिखट. नवरा ऊसतोडीला गेलेला, लहान पोरगी आणि आजारी सासू म्हणून ती मागे राहिलेली. सबनीसांनी कुत्र्याच्या बरगड्यांकडे बोट दाखवून "किती वाळलाय हो" म्हटल्यावर ती भडकलीच.

"वाळलाय कुटं? त्याची जातच तशी हाय. अंगावर चरबी धरली तर पळल कसा? पर आता जरा कमी पडतंय, न्हाई म्हनत न्हाई. हितं आमाला सुकडी मिळती, ती माज्या वाट्याची अर्धी त्याला घालती. भाकरीतला तुकडा घालती. एक दिस उपाशी झोपला न्हाई."

सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर मजुरांना आणि पोरांना वाटतात तो गोडसर पौष्टिक खाऊ. त्यातली अर्धी ती कुत्र्याला घालत होती. तिच्या मनगटाची हाडं मला दिसत होती.

मी हरण्याचा एक फोटो काढला. कॅमेरा पाहून तो बावरला नाही. उभा राहिला, मान उंच, डोळे लांब कुठेतरी. सबनीसांनी माझ्या कॅमेऱ्यातून वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा राजासारखा दिसतोय. डोळ्यांत फार तेज आहे याच्या. असला फोटो नाही चालणार."

मला वाटलं, दुसरा कुत्रा शोधणार. पण ते हौसाबाईकडे वळले आणि आवाजात मध घालून बोलू लागले. आमची कुत्र्यांच्या ताकदीची कंपनी आहे. आम्ही याला आठ दिवस घेऊन जातो. डोंगराकडे, चांगल्या हवेत. दूध, भात, मटण, वर आमची पावडर. आठ दिवसांनी तुमच्या दारात आणून सोडतो, वर डबा फुकट.

"प्वाटभर खाईल?" हौसाबाईने विचारलं.

"पोटभर! नको म्हणेपर्यंत."

तिने हातोडी खाली ठेवली. कुत्र्याकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं. बाकीच्या बायका कुरकुरल्या, "मग पोरांपाशी कोन बसल?" तिची पोरगी कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागली. पण हौसाबाई म्हणाली, "आट दिस आमच्यातली एक बाई बसंल पोरांपाशी. ह्यो तरी आट दिस प्वाटभर खाऊ दे." आणि माझ्याकडे वळून, कारण मी गप्प होतो आणि गप्प माणूस तिला भरवशाचा वाटला असेल, म्हणाली, "दादा, तुमी ध्यान ठिवा."

मी "हो" म्हणालो.

भंडारदरा

पूर्वेकडून पश्चिमेला येताना एकाच जिल्ह्यात आपण आहोत यावर विश्वास बसत नाही. संगमनेर सोडलं, अकोले गावाच्या पुढे रस्ता चढू लागला, आणि डोळ्यांना हिरवं दिसलं. त्या वर्षी तिथेही पाऊस कमीच, पण डोंगरांच्या घळींत झाडी होती, खाचरांत कापलेल्या भाताचे सड होते. धरणाचं पाणी बरंच खाली गेलेलं, तरी पाणी ते पाणी. सकाळी त्यावर धुकं उभं राहायचं आणि पलीकडचे सुळके धुक्यातून वर निघायचे. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि धरणातले तळलेले मासे असं जेवण विश्रामगृहाच्या खानसाम्याने घातलं. नाचणीची भाकरी आम्ही घरी आजाऱ्याला देतो. तिथे ती गरम, मऊ, काळीभोर, अशी ताटात आली की मी चार खाल्ल्या.

वाटेत राजूरला सबनीसांनी हरण्याला उतरवलं होतं. तिथल्या एका दुकानदाराला कंपनीची एजन्सी हवी होती. "यांचं परसदार मोठं आहे," सबनीस मला म्हणाले. "विश्रामगृहात कुत्रा चालत नाही. इथे मजेत खाईल, मेळाव्याच्या दिवशी आपण आणू." मी जीपमध्येच सामान धरून बसलो होतो. हरण्या दोरीला ओढ देत मागे बघत गेला.

मग सबनीसांनी मला कामाला लावलं. कंपनीला कॅलेंडरही काढायचं होतं, त्यासाठी धरण, धबधब्याचे कोरडे कातळ, डोंगर, सूर्यास्त. मी ते मनापासून काढले. खरं सांगतो, इतकी चांगली छायाचित्रं मी आजवर काढली नव्हती. रोज जेवताना विचारायचो, "हरण्या कसा आहे?" आणि सबनीस म्हणायचे, "दाबून खातोय. ओळखू येणार नाही तुम्हाला."

राजूर

राजूरचा बाजार आजूबाजूच्या डोंगरातल्या गावांचा. बाजाराच्या दिवशी मी सकाळच्या एसटीने एकटाच गेलो. कॅमेऱ्यात प्रिन्सचा आणि डोंगरांचा रोल तसाच होता, आणखी दोन-चार फोटो शिल्लक होते. डोंगरातून उतरलेल्या बायका हिरडा, मध, तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी पेढे घेतले, गरम भजी खाल्ली आणि मग म्हटलं, आलोच आहोत तर हरण्याला भेटून जाऊ. त्याच्यासाठी चार भजी कागदात बांधून घेतली.

दुकानदार गर्दीत होता. त्याची बायको मथुराबाई मला आतून परसात घेऊन गेली. परसाच्या कोपऱ्यात धान्याची एक रिकामी खोली होती, तिची कडी काढून ती बाजूला उभी राहिली आणि तिने तोंडाला पदर लावला.

आत हरण्या जमिनीवर पडला होता. शेजारी पाण्याचं भांडं. मला पाहून तो उठायला गेला, मागचे पाय लटपटले आणि खाली बसला. शेपूट मात्र हलवली. अंगावरचे केस निस्तेज, डोळ्यांच्या कडा चिकट, आणि बरगड्या अशा की बोटाने वाजवाव्यात. त्याने दोरी चावून चावून तिचा भुगा केला होता. तो भुगा त्याच्या दाढेत अडकला होता.

"याला काय झालं?" मी विचारलं.

"सायबांनी सांगितलंय, पान्याबिगर कायबी घालायचं न्हाई," मथुराबाई म्हणाली. "औशीद सुरू करायच्या आधी पोट रिकामं करावं लागतं म्हने. खायला घातलं तर मरंल, आन् मरनाचं पाप तुमच्यावर, आसं म्हनले. काल माज्या हातात भाकरी बगून हा रांगत आला. मी दार लावून घेतलं. मला बी जेवन गेलं न्हाई दादा. खरंच औशदाचं आसतं का वो आसं?"

"नाही," मी म्हणालो. "पेज आहे का घरात?"

तिने पातेलंभर पातळ पेज आणली, मीठ घातलेली. आम्ही दोघांनी ती त्याला थोडी थोडी पाजली. पहिल्यांदा तो नुसता जिभेने भांडं चाटत होता, त्यात काही आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. भजी मी कुंपणाबाहेर फेकून दिली. ती त्याला झेपली नसती.

दुपारी सबनीस आले. दुसऱ्या दिवशी मेळावा होता आणि 'आधीचा' कुत्रा तयार झाला का ते त्यांना पाहायचं होतं. परसात मी, मथुराबाई आणि पेजेचं पातेलं पाहून ते थबकले. मग म्हणाले, "अहो, एक दिवस थांबायचं होतंत!"

मी आजवर कोणावर हात टाकलेला नाही. त्या वेळी टाकला असता. मध्ये पातेलं होतं म्हणून राहिलं.

"तुम्ही त्या बाईला काय सांगून कुत्रा आणलात?" मी ओरडलो. "पोटभर खाईल म्हणालात!"

"खाईल की. उद्या फोटो झाला की हवं तेवढं खाऊ दे. पाणी देतोय, मेला थोडाच? हा धंदा आहे, साहेब. तुम्ही नाही नवरीच्या तोंडाला पावडर फासत?"

"नवरीला मी कोंडून उपाशी मारत नाही."

"कुत्र्याचं काय एवढं घेऊन बसलात? तिकडे माणसं उपाशी आहेत."

हे त्या माणसाने म्हणावं! ज्याच्या जीपमध्ये कुत्र्यांच्या ताकदीचे डबे खच्चून भरले होते, जो उद्या तीसएक दुकानदारांना कोंबडी खाऊ घालून 'कुत्रा हा घरातलाच माणूस' असं भाषण देणार होता, त्याने. आणि त्या उपाशी माणसांतल्याच एका बाईने आपल्या तोंडातला घास या कुत्र्याला घातला होता. तो घास याने काढून घेतला होता. मी गळ्यातला कॅमेरा हातात घेतला, त्याची पाठ उघडली आणि रोल भर उन्हात ओढून काढला. प्रिन्सचे सगळे फोटो त्यात होते. धरण, धुकं, सुळके, सूर्यास्त, सगळं त्यातच. लांबलचक फीत माझ्या हाताला गुंडाळली गेली आणि बघता बघता काळवंडली. म्हणून या लेखाबरोबर भंडारदऱ्याचं एकही छायाचित्र नाही.

"कंपनी वसूल करेल तुमच्याकडून," सबनीस म्हणाले. ते पांढरे पडले होते.

"या म्हणावं पुण्याला," मी म्हणालो.

मथुराबाईचा नवरा दुकानातून धावत आला, एजन्सी जाणार म्हणून बायकोवर चिडला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ द्या ती एजन्शी. आमच्या हितं कुत्र्याला पावडर लागत न्हाई." आणि पेजेची किटली भरून तिने माझ्या हातात दिली.

एसटीत

कंडक्टर म्हणाला, "जनावर चालनार न्हाई." मी म्हणालो, आजारी आहे. तो म्हणाला, मग तर मुळीच नाही. मी भांडलो. दिवसभराचा राग त्या बिचाऱ्यावर निघाला. मागची माणसं ओरडू लागली, कोणी माझ्या बाजूने, कोणी त्याच्या, बहुतेक गाडी लवकर सुटावी म्हणून. शेवटी संगमनेरला निघालेल्या एका मास्तरीणबाईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "माझ्या पायाशी झोपवा. मला कुत्र्याचं काही वाटत नाही." कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं आणि घंटी वाजवली. घाटात हरण्याने पेज ओकली ती माझ्या बुटांवर. मास्तरीणबाईंच्या चपला वाचल्या, हे त्यातल्या त्यात नशीब.

नगरला संध्याकाळ झाली. लॉजवाल्याने कुत्रा पाहून दारच लावलं. दुसऱ्याचीही तीच तऱ्हा. मग मी टांगा करून छावणीत कर्नलबाईंच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी हरण्याला पाहिलं आणि माझं ऐकून घेण्याआधीच स्वयंपाक्याला सूप करायला सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या प्रिन्सचे फोटो त्या माणसाकडे आहेत?"

"मी उन्हात जाळले."

"उत्तम. त्या डब्यांचं आता काय करू? गुलाबांना घालायचीसुद्धा शिसारी येते." सकाळी पाहिलं तर माळी बागेबाहेरच्या खड्ड्यात पिवळे डबे उपडे करत होता. शेजारी प्रिन्स उभा राहून निर्विकारपणे बघत होता.

पुन्हा पाथर्डी

रस्त्याचं काम थोडं पुढे सरकलं होतं. बाभळ मागे राहिली होती, झोळ्या आता एका लिंबाला होत्या आणि खाली एक बाई हातातल्या काठीला टेकून पेंगत बसली होती. हौसाबाईने आम्हाला लांबून ओळखलं. हातोडी टाकून ती धावत आली, हसत. "आलाव? लवकर आलाव!" आणि मग ती जवळ पोचली.

तिने हरण्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हसू गेलं.

"ह्यो खाल्लेला न्हाई," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. बायका हातोड्या घेऊन भोवती गोळा झाल्या. मी थांबलो तेव्हा आजूबाजूचं ठोक ठोक बंद झालं होतं.

"प्वाटभर खाईल म्हनून दिला मी," हौसाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. "पोरगी रडत हुती तरी दिला. आमच्यापाशी काय न्हाई, दिसतंय की तुमाला. त्या काय न्हाईतलं आमी त्याला घालत हुतो. तुमच्याकडं एवढं आसून तुमी त्याला उपाशी ठिवलं? कशापायी? फोटूपायी?"

"मी नाही, त्या सबनीसांनी..."

"तुमी संगट हुता न्हवं?"

एक म्हातारी म्हणाली, "ती जीप पुन्यांदा हिकडं येऊ दे. खडी लई फोडून ठिवलीया." कोणी हसलं नाही. तिला गंमत करायची नव्हती.

मुकादम ओरडला तशा बायका पांगल्या. हौसाबाईने पदराची गाठ सोडली. त्या दिवशीची सुकडी तिने अजून खाल्लेली नव्हती. तिथेच मातीत फतकल मारून बसली, सुकडीचे दोन भाग केले आणि एक भाग हातावर घेऊन हरण्याच्या तोंडाशी धरला. तो हळूहळू खात होता आणि ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हाकलून देईल. तिने हात लुगड्याला पुसला आणि म्हणाली,

"आता काडा फोटू."

"कशाला?"

"तुमाला फोटू पायजे हुता न्हवं? काडा. आन् खाली लिवा, ह्यो कुत्रा हौसानं पोसला. जिथं तुमच्या त्या कंपनीवाल्याला दिसंल तिथं लावा."

मी नवा रोल भरला. ती उभी राहिली, हातात हातोडी, पदर खोचलेला. हरण्या तिच्या पायाला अंग टेकवून उभा. त्याची मान अजून वर येत नव्हती. पोरगी धावत येऊन मध्ये घुसली. मी एकच फोटो काढला.

पुणे

तो फोटो मोठा करून मी माझ्या स्टुडिओच्या काचेत लावला आहे. नवरीनवऱ्यांच्या फोटोंच्या बरोबर मध्ये. खाली तिने सांगितलं तेच वाक्य लिहिलं आहे, शब्द न बदलता. एक प्रत मुकादमाच्या नावे पाठवली, ती पोचल्याचा निरोप आला. हरण्या पुन्हा झोळ्यांपाशी बसतो, असंही निरोपात होतं. कंपनीचं कोणी माझ्याकडे वसुलीला आलं नाही. त्यांना बहुधा गरजच पडली नाही.

कारण उन्हाळ्यात मी पुण्याच्या कॅम्पात एका दुकानात गेलो, तर तिथे भिंतीवर ते रंगीत चित्र लागलं होतं. खाली पिवळ्या डब्यांची उतरंड. उजवीकडे गुबगुबीत तपकिरी कुत्रा, प्रिन्स नव्हे, दुसराच कोणीतरी. आणि डावीकडे 'आधी' असं लिहून एक काळा कुत्रा. कंपनीने रंग जुळवायचीही तसदी घेतली नव्हती. तो मातीत बसला होता, मागचे पाय फाकलेले, गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा.

मी दुकानदाराला विचारलं, "हा कुत्रा कोणाचा?"

"जाहिरातीतला आहे हो," तो म्हणाला. "डबा देऊ का? माल चांगला खपतोय."

मी त्याला सगळं सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. एक बाई पॉमेरेनियनला छातीशी धरून बाहेर निघून गेल्या. दुकानदार म्हणाला, "तुम्ही जरा शांत व्हा." मी शांत झालो नाही. चित्र भिंतीवरून ओढून काढलं, तेव्हा त्याने मला हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं.

फाटलेल्या चित्राचा डावा अर्धा भाग माझ्या हातात राहिला होता. मी फुटपाथवर उभा राहून तो नीट पाहिला. उजेड बरोबर बाजूने घेतला होता, प्रत्येक बरगडी वेगळी दिसत होती. फोटो काढणाऱ्याला आपलं काम येत होतं. त्याने कोणाला तरी "हो" म्हटलं असेल. आणि कुठल्या तरी गावात कोणीतरी त्या काळ्या कुत्र्याची वाट बघत असेल, तो पोटभर खाऊन परत येणार म्हणून.